सत्र, सुगी आणि निबंधाची मुदत

साहित्याच्या वर्गाचे नियोजन म्हणजे कोणती कलाकृती कोणत्या आठवड्यात वाचून व्हावी, तिच्यावरची चर्चा कधी घडावी आणि तिच्याविषयीचा निबंध कोणत्या तारखेला हाती यावा याची आगाऊ केलेली मांडणी होय. आणि ही मांडणी वरवर पाहता विभागाच्या टेबलावर एका दुपारी उरकण्याजोगी वाटत असली, तरी परभणी जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या अध्यापकाला ती सत्रभर पुन्हा पुन्हा हातात घ्यावी लागते. विद्यापीठाचे परिपत्रक सत्राचा आरंभ, परीक्षा-अर्जांच्या तारखा आणि अंतर्गत गुण कळवण्याची शेवटची मुदत सांगते. विद्यार्थी पुस्तक नेमके केव्हा वाचणार, हे मात्र त्यात कुठेच नसते आणि ते तिथे असावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही. परिणामी बहुतेक नियोजनांत मुदत निबंधाला लावलेली असते आणि वाचन विद्यार्थ्याच्या भरवशावर सोडलेले असते. तालुक्याच्या महाविद्यालयांतील अध्यापनाचा अनुभव नेमका याच्या उलट दिशेने बोट दाखवतो: मुदत लावायची तर ती वाचनाला लावावी, कारण निबंध वाचनावाचूनही वेळेवर येऊ शकतो, आणि बऱ्याचदा तसाच येतो.

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९४ मध्ये हे विद्यापीठ अस्तित्वात येण्यापूर्वी ती औरंगाबादच्या विद्यापीठाकडे होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली आणि तिच्यासोबत ‘श्रेयांक’ हा शब्द वेळापत्रकात ठाण मांडून बसला. श्रेयांक म्हणजे अध्ययनाचा भार मोजण्याचे एकक. तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील १५ तासिका, म्हणून चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला ६० तासिका, म्हणजेच पंधरा आठवडे आणि दर आठवड्याला चार तासिका, असा हिशेब बसतो. ‘अंतर्गत मूल्यमापन’ या नावाने ओळखले जाणारे गुण म्हणजे सत्रअखेरच्या लेखी परीक्षेखेरीज चाचणी, स्वाध्याय आणि वर्गातील सहभाग पाहून अध्यापकाने स्वतः द्यावयाचे गुण. निबंधाची मुदत ठरते ती याच गुणांसाठी. कागदावरच्या या ६० तासिकांतून लांबलेल्या प्रवेशफेऱ्या, पोळा, महालक्ष्म्या, गणेशविसर्जन, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, युवक महोत्सव आणि अंतर्गत चाचण्यांचे दिवस वजा केले की जे उरते त्यावरच खरे नियोजन उभे राहते, आणि अनुभवी अध्यापक ही वजाबाकी जूनमध्येच पेन्सिलीने करून ठेवतो.

परंतु ही वजाबाकी सुट्यांची झाली. तिच्यात न येणारी आणि तिच्याहून मोठी वजाबाकी शिवाराची असते. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी या नऊ तालुक्यांतील महाविद्यालयांच्या कला शाखेत येणारा विद्यार्थी बहुतांशी शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरातला असतो, रोज गावाहून ये-जा करतो आणि घरच्या कामातला एक धरलेला माणूस असतो. मृग बरसून वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीला योग्य एवढीच ओल राहिली, की सोयाबीन, कापूस आणि तुरीची पेरणी सुरू होते. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीची वेळ येते आणि सत्राचे पहिले आठवडे त्यातच जातात. जुलैअखेरपासून कोळपणी आणि खुरपण असते, ज्यात मुलींची गैरहजेरी मुलांपेक्षा अधिक दिसते, कारण खुरपे बायकांच्या हाती असते. पोळ्याच्या आगेमागे कामाला थोडी उसंत मिळते. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची काढणी लागते आणि ती मात्र कोणासाठी थांबत नाही: वाळलेल्या शेंगा उन्हाने तडकतात, परतीचा पाऊस आला तर ढीग भिजून दाण्याला कोंब फुटतात, आणि हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी घरातील प्रत्येक हात तिथे लागतो. त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी येते. निबंध स्वीकारण्याची तारीख बहुतेक विभागांत सवयीने सत्राच्या शेवटी, म्हणजे नेमकी या दिवसांत, पडत आलेली आहे.

ही गोष्ट लक्षात आल्यानंतर अध्यापकापुढे दोन मार्ग असतात. एक, मुदत वाढवत जाणे. दुसरा, वाचायच्या साहित्याचा क्रमच बदलणे. पहिला मार्ग दयाळू वाटतो म्हणून तो सर्वत्र चालतो, परंतु त्यात वेळेवर काम आणून देणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो आणि पुढच्या सत्रापासून तोही उशिरा येऊ लागतो. दुसऱ्या मार्गाला अधिक विचार लागतो. अभ्यासक्रमात जे नेमले आहे ते सर्व शिकवायचेच असते, पण कोणते आधी आणि कोणते नंतर याचे थोडेबहुत स्वातंत्र्य अध्यापकाच्या हाती उरते, आणि तेवढे पुरेसे असते.

ज्या सत्रात संतकविता नेमलेली असते, तिथे पेरणीचे आठवडे अभंगांना द्यावेत, असे अनुभवाने सुचते. अभंग लहान असतो, त्यासाठी घरी वेगळा वेळ काढावा लागत नाही, तासिकेत वाचून तासिकेतच त्यावर बोलता येते. शिवाय तो डोळ्यांनी वाचण्याआधी कानांवरून गेलेला असतो, कारण हरिनाम सप्ताह नसलेले गाव जिल्ह्यात सापडणे कठीण, आणि आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी याच जिल्ह्यातून पंढरपूरकडे गेलेली असते. संत जनाबाईंचे गाव गोदाकाठचे गंगाखेड. तिथल्या मुलांना जनाबाई हे नाव देवळातून आणि घाटावरून ठाऊक असते, मात्र कवयित्री म्हणून नव्हे. आणि ही ओळख पालटणे हेच त्या आठवड्यांचे काम होऊन बसते. विठ्ठल जनीला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, या आशयाचे अभंग वर्गात घेतले की पहिल्या प्रतिक्रिया भक्तिभावाच्या येतात आणि त्या ठरावीक असतात. चर्चा खरी सुरू होते ती कोणी तरी कामाचा हिशेब विचारल्यावर. अशाच एका वर्गात, घरी आजीचे जाते अजून आहे पण ते आता लग्नातल्या हळदीपुरते आणि डाळ भरडण्यापुरते उरले आहे, असे सांगणाऱ्या विद्यार्थिनीने पुढे असेही विचारले, की देव दळू लागल्यावर ओझे हलके झाले ते जनीचे की जिच्याकडून दळून घेतले जात होते त्या घराचे, आणि देवाला दळण येत होते तर त्याने ते घरच्या इतरांना का सांगितले नाही. या प्रश्नावर तासिका संपली तरी वर्ग उठला नाही. दासीपण, नामदेवांच्या घरातील जनाबाईंचे स्थान, भक्ती आणि श्रम यांचा संबंध, हे सारे मुद्दे टीकाग्रंथांत आहेतच. पण ते जात्याच्या खुंट्याला हात लावलेल्या मुलीच्या तोंडून आले की त्यातून निबंधाचा विषय आपोआप निघतो, आणि अशा विषयाची तयार उत्तरे बाजारातील कोणत्याही गाईडात नसतात.

पुस्तकांच्या प्रतींचा प्रश्न थोडक्यात सांगता येण्याजोगा असला तरी नियोजनावर त्याची सावली सर्वांत लांब पडते. ग्रंथालयात एखाद्या कादंबरीच्या पाच प्रती आहेत आणि वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत असे धरले, प्रत्येकाला प्रत एक आठवडा दिली, तर शेवटच्या विद्यार्थ्याच्या हाती ती आठव्या आठवड्यात पडते, म्हणजे अर्धे सत्र निघून गेल्यावर; आणि ‘सर्वांनी अमुक तारखेपर्यंत वाचून यावे’ ही सूचना पहिल्याच दिवशी पोकळ ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून त्याखाली अनुदान मिळणारी वाचनालये तालुक्याच्या गावांत आणि कित्येक खेड्यांतही आहेत. मात्र तेथील खरेदी वाचकांच्या आवडीने होते, अभ्यासक्रमाच्या गरजेने नव्हे, म्हणून ऐतिहासिक कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आणि नेमलेले पुस्तक नाही असेच चित्र बहुधा भेटते. यावर निघालेला एक उपाय असा, की कथासंग्रह नेमलेला असेल तर सर्वांनी सर्व कथा एकाच वेळी वाचण्याचा हट्ट सोडायचा. वर्गाचे पाच-सहा गट करून प्रत्येक गटाला एक कथा द्यायची, प्रत गटात फिरवायची, आणि चर्चेच्या दिवशी ज्या गटाने कथा वाचली आहे त्याने ती न वाचलेल्यांना सांगायची, न वाचलेल्यांनी प्रश्न विचारायचे. मूळच्या सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या दीर्घ कथांना हा उपाय फार चांगला लागू पडतो, कारण त्या कथांतले गाव, तिथले राजकारण आणि तिथली बोली श्रोत्यांच्या ओळखीची असते आणि सांगणाऱ्याने काही गाळले की ऐकणाराच अडवतो. कथा सांगताना तिची भाषा हरवते, हा या पद्धतीवरचा आक्षेप खरा आहे. म्हणून सांगणाऱ्या गटाने किमान एक पान मोठ्याने वाचावे, असा नियम जोडावा लागतो.

सलग वाचनाची कादंबरी पोळ्याच्या उसंतीत बसते. खुरपण आटोपलेले असते, काढणी लांब असते, श्रावण-भाद्रपदाच्या सणांत घरी पाहुणे असले तरी दुपारी निवांत असतात. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हे चार-पाच आठवडे खरीप सत्रातले वाचनाचे आठवडे होत. (‘खरीप सत्र’ हा शब्द विद्यापीठाच्या कोणत्याही परिपत्रकात नाही, पण विभागात बोलताना तो सर्रास वापरला जातो.) तासाला पंधरा-वीस पाने या मंद पण प्रामाणिक वेगाने दीडशे पानांची कादंबरी आठ ते दहा तासांत वाचून होते, आणि हे तास घरी मिळत नसतील तर वाटेवर शोधावे लागतात. परभणी–परळी मार्गावर पॅसेंजरने ये-जा करणारा विद्यार्थी गाडीत बसून वाचू शकतो. एसटीच्या दांडीला धरून उभा असलेला वाचू शकत नाही. नियोजन करणाऱ्याला हा फरक माहीत असावा लागतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात तर खेड्यापाड्यांतील वर्गच अर्धे रिकामे झाले होते, आणि वाचनाची तारीख ही अंती वाहतुकीची तारीख असते, हे तेव्हा सर्वांच्याच लक्षात आले.

या आठवड्यांत कोणती कादंबरी घ्यावी हे अभ्यासमंडळ ठरवते. पण पर्याय असेल तेव्हा रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ निवडण्यामागे कारण आहे. १९७१ ची ही कादंबरी आकाराने आटोपशीर आहे, ती एका खेड्यातील शिंप्याच्या बायकोच्या तोंडून मराठवाडी बोलीत सांगितलेली आहे, आणि प्रमाणभाषेतच साहित्य होते हा दहावीपर्यंत पक्का झालेला समज ती पहिल्या दहा पानांत मोडते. बी. रघुनाथ यांचे लेखन मात्र या वर्गाला अवघड जाते, आणि तरीही ते टाळू नये. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १९१३ मध्ये सातोना येथे त्यांचा जन्म झाला, निजामी राजवटीत सरकारी खात्यातली कारकुनी करता करता त्यांनी कविता, कथा आणि ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ च्या ७ सप्टेंबरला, चाळिशी जेमतेम गाठलेली असताना, ते गेले. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आणि उर्दूमिश्रित अशा दोन्ही अंगांनी दाट आहे, संस्थानी काळातील महसुली आणि दफ्तरी शब्द आज कोणाच्या बोलण्यात उरलेले नाहीत, त्यामुळे घरी एकट्याने वाचायला दिले तर विद्यार्थी तिसऱ्या पानावर थांबतो. ते वर्गात, संथपणे, शब्द सोडवत वाचायचे साहित्य आहे. त्यांचा स्मृतिदिन बरोबर या वाचनाच्या आठवड्यांत येतो आणि त्या निमित्ताने परभणीत साहित्यिक कार्यक्रम होत आलेले आहेत. तिथे वर्ग नेता आला तर दोन तासिकांचे काम एका संध्याकाळी होते, परतीच्या शेवटच्या बसची सोय तेवढी आधी पाहावी लागते.

वाचन झाले की नाही, हे ओळखण्याची जुनी रीत म्हणजे तोंडी प्रश्न. तिच्यात पुढच्या बाकावरचे चार जण उत्तर देतात आणि सर्वांनी वाचले असा भास निर्माण होतो. त्याऐवजी काही वर्गांत ‘वाचनचिठ्ठी’ची पद्धत रुजली. वाचनचिठ्ठी म्हणजे चर्चेच्या दिवशी दाराशीच द्यावयाचा वहीच्या पानाचा चतकोर, ज्यावर पृष्ठक्रमांकासह एक अडलेली किंवा लक्षात राहिलेली जागा आणि एक प्रश्न, एवढेच लिहायचे असते. अशी जागा गाईडातून उतरवता येत नाही, कारण गाईडात पृष्ठक्रमांक नसतात. आणि शेजाऱ्याची पाहून लिहिली तर दोन चिठ्ठ्यांवर एकच पान येते आणि चर्चेत दोघांनाही त्याच पानाविषयी बोलावे लागते. चिठ्ठ्या गोळा झाल्यावर अध्यापक त्या पाच मिनिटांत चाळतो आणि तासिकेचा क्रम त्यांवरूनच लावतो. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही त्याला शिक्षा म्हणून काही सांगायचे नाही, त्याने त्या दिवशीचा उतारा उभे राहून वाचून दाखवायचा, एवढाच संकेत. हा संकेत अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने फळाला आला: काही विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचणेच अधिक आवडते असे दिसून आले, त्यांच्यासाठी तोच वाचनाचा मार्ग ठरला, आणि त्यांतल्या एक-दोघांनी पुढे चिठ्ठी असूनही उतारा मागून घेतला.

चर्चेत बोलण्याचा प्रश्न मुख्यतः भाषेचा असतो. घरी आणि बसमध्ये अस्खलित बोलणारी मुले वर्गात उभी राहिली की पुस्तकी मराठीची जुळवाजुळव करू लागतात आणि दुसऱ्या वाक्याला अडखळून खाली बसतात. ‘आपल्या बोलीत सांगा’ असे नुसते सांगून भागत नाही, कारण तो सापळा आहे असे त्यांना वाटते. अध्यापकाने स्वतः काही वाक्ये बोलीत बोलावी लागतात, आणि तीही नाटकीपणा न आणता. याचा दुसरा भाग असा, की मुली आणि मुले वेगवेगळ्या रांगांत बसणाऱ्या वर्गात एकत्र गट पाडले तर पहिले दोन महिने शांतता पसरते. म्हणून आरंभी गट गावांनुसार किंवा एकाच बसने येणाऱ्यांचे करावेत, म्हणजे निम्मी चर्चा येतानाच होऊन जाते. हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात बसणारे तत्त्व नसेल, पण वर्गात बसते.

आता निबंधाकडे वळता येईल. पदवीच्या वर्गातील साहित्यविषयक निबंध म्हणजे एका कलाकृतीविषयी एक म्हणणे मांडून ते त्या कलाकृतीतल्या पुराव्याने पटवून देणारे चार-पाच फुलस्केप पानांचे लेखन, अशी व्याख्या वर्गात देऊन ठेवली तरी प्रत्यक्षात येतो तो लेखकपरिचय, कथानकाचा सारांश आणि गुणगौरव यांचा तीन थरांचा मजकूर. त्याचे पहिले वाक्य जवळजवळ नेहमी साहित्य हा समाजाचा आरसा असल्याचे जाहीर करते. पहिला परिच्छेद वाचल्याविना खोडून दुसऱ्यापासून तपासायचे, असे एका विभागाने ठरवून टाकले, आणि निबंध त्यामुळे कुठेही लंगडे झाले नाहीत, यातच त्या परिच्छेदाची किंमत कळते. अलीकडे गाईडाची जागा मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेने घेतली आहे. ती व्याकरणशुद्ध, गुळगुळीत आणि कोणत्याही कादंबरीला चालेल असा मजकूर क्षणात देते, न घडलेले प्रसंग आणि नसलेली पात्रेही बेधडक घालते, आणि विद्यार्थी तो सुंदर अक्षरात उतरवून वेळेच्या आधी आणून देतो. मुदत पाळली जाते, वाचन झालेले नसते. निबंधाच्या एकाच अंतिम तारखेवर उभे असलेले नियोजन इथे पुरते कोसळते.

म्हणून निबंधाचे तुकडे पाडून त्याची सुरुवात वाचनचिठ्ठीपासून करणे हा मार्ग उरतो. ज्या प्रश्नाची चिठ्ठी विद्यार्थ्याने दिली आहे तोच, किंवा चर्चेत त्याचे जे रूप झाले ते, त्याच्या निबंधाचा विषय ठरतो. मग ‘खर्डा’, म्हणजे कच्चे लेखन, तासिकेतच, पुस्तक समोर ठेवून आणि मोबाइल पिशवीत ठेवून लिहिला जातो. अध्यापक त्यावर फक्त दोन ठिकाणी खूण करतो, एक जिथे पुरावा हवा तिथे आणि दुसरी जिथे वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे तिथे. आणि घरी करायचे काम उरते ते पक्क्या प्रतीचे. चाळीस खर्ड्यांवर खुणा करणे हे सोपे काम नाही, आणि ज्या महाविद्यालयात मराठीची मंजूर पदे रिक्त असून एकच पूर्णवेळ अध्यापक तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासिकांपुरतेच मानधन मिळणाऱ्या, सहकाऱ्यांच्या साहाय्याने तीन वर्षांचे वर्ग ओढत असतो, तिथे ते सत्रात एकदाच शक्य होते. एकदा तरी ते नीट करावे, दोन निबंध वरवर घेण्यापेक्षा एक खर्ड्यासह घ्यावा, असेच या पद्धतीचा अवलंब करणाऱ्यांचे मत पडते.

पक्क्या प्रतीच्या मुदतीबाबत दोन तारखांची रीत उपयोगी पडलेली आहे. जुलैमध्येच प्रत्येकाने दोनपैकी एक तारीख निवडायची: एक सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली, सोयाबीनला विळा लागण्यापूर्वीची, आणि दुसरी दसऱ्यानंतरची. घरी शेती असलेले बहुतेक पहिली निवडतात, गावात दुकानावर किंवा पेट्रोल पंपावर काम करणारे दुसरी, कारण सणासुदीत त्यांना उसंत नसते. निवडलेली तारीख मागाहून बदलता येत नाही, आणि या एका कठोरपणाबद्दल तक्रार फारशी येत नाही, कारण ती तारीख कोणी लादलेली नसते. पहिल्या तारखेला निम्मे निबंध हाती आल्याने तपासणीचे ओझेही दोन ठिकाणी वाटले जाते, ही त्यातली अध्यापकाची सोय. ती लपवण्याचे कारण नाही.

दुसऱ्या सत्राची गत निराळी आहे आणि तिथे नियोजनाला इतके यश येत नाही. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे तर पंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री असते, रात्रीच्या पाळीत जागलेला विद्यार्थी सकाळच्या तासिकेला आला तरी तो वर्गात असतो असे म्हणता येत नाही. फेब्रुवारीत परभणीचा उरूस भरतो, त्यानंतर ज्वारीची काढणी येते (‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण इथल्याच कृषी विद्यापीठाने दिलेले, हे सांगताना वर्ग हटकून ताजातवाना होतो), आणि मार्चपासून लग्नसराई. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील काही मुलींचे नाव हजेरीपटावर राहते आणि बाक रिकामा होतो. या सत्रात कादंबरीपेक्षा निबंध आणि समीक्षालेख बरे, एकेका बैठकीत संपणारे. मूळच्या कुरुंद्याच्या आणि नांदेडला आयुष्यभर शिकवत राहिलेल्या नरहर कुरुंदकरांचे लेख इथे दुहेरी कामाचे ठरतात, कारण एखादे म्हणणे मांडून ते टप्प्याटप्प्याने सिद्ध कसे करावे याचा नमुनाही त्यांतच मिळतो. कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते; १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले, आणि परभणीच्या विद्यार्थ्यांना ते अजूनही आपलेच वाटते.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीच्या घरांचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील डोंगरकडेच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे जातात. महाविद्यालयात नाव असलेला मुलगा कधी मागे राहून म्हाताऱ्यांना सांभाळतो, तर कधी कोयत्याला जोडी हवी म्हणून सोबत जातो. जाणाऱ्याला दोन्ही तारखा निरुपयोगी असतात. त्याच्यासोबत पुस्तकाची प्रत द्यावी तर ग्रंथालयाच्या नियमात चार महिन्यांची मुदत बसत नाही, ती अध्यापकाच्या नावावर काढून द्यावी लागते; आणि फडावरून परत आल्यावर लिहिलेल्या निबंधापेक्षा फडावरूनच मोबाइलवर पाठवलेली, पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज असलेली तीन-चार मिनिटांची ध्वनिमुद्रिते वाचनाचा अधिक पक्का पुरावा देतात, कारण त्यांत पृष्ठक्रमांक सांगून प्रश्न विचारलेला असतो. अंतर्गत गुणांच्या तक्त्यात चाचणी, स्वाध्याय आणि उपस्थिती असे रकाने आहेत; ध्वनिमुद्रित वाचनचिठ्ठीसाठी रकाना नाही. तिचे गुण स्वाध्यायाच्या रकान्यात लिहिले जातात आणि पुराव्याच्या फाइलीला अध्यापकाने स्वतःच्या हाताने उतरवून काढलेला मजकूर जोडला जातो.